आधी तारीख पाळा, मग एआयचं बघू

प्रश्न: आमची कंपनी प्रोसेसर स्वतः डिझाइन करते आणि स्वतःच्याच फॅबमध्ये (चिप बनवण्याच्या कारखान्यात) बनवते. मोबाइलची लाट आली तेव्हा 'मार्जिन बसत नाही' म्हणून आम्ही नाही म्हटलं. एआयच्या चिप्सचंही तेच झालं. नवा नोड, म्हणजे चिप बनवण्याच्या तंत्राची पुढची पिढी, दोन वर्षं मागे पडलाय आणि डेटा सेंटरमधले जुने ग्राहक एकेक करून निसटताहेत. संचालक मंडळापुढे सध्या तीन प्रस्ताव आहेत: फॅब वेगळी काढायची, एखादी एआय स्टार्टअप विकत घ्यायची, किंवा सरसकट १५ टक्के माणसं कमी करायची. मी स्ट्रॅटेजी विभागात आहे आणि यावरचं टिपण मला लिहायचंय. सुरुवात कुठून करू? आणि खरं सांगा, अशा कंपनीत राहावं का? (नाव छापू नये ही विनंती.)

उत्तर: तिन्ही प्रस्ताव तूर्त बाजूला ठेवा. त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे, की संधी हुकल्या म्हणून कंपनी मागे पडली. पत्रातलं आम्हाला खटकलेलं वाक्य मात्र नव्या नोडला झालेल्या दोन वर्षांच्या उशिराचं आहे. आपणच जाहीर केलेली तारीख ज्या कंपनीला पाळता येत नाही, तिला उद्या योग्य संधी वेळेत दिसली तरी माल द्यायच्या वेळी तिचे हात रिकामेच असतील. म्हणून टिपणाचा क्रम असा ठेवा: आधी रोकड, मग तारीख, मग एकच उत्पादन. एआय आणि बाहेरचे फाउंड्री ग्राहक, म्हणजे आपल्या चिप तुमच्या फॅबमध्ये बनवून घेणाऱ्या कंपन्या, त्यानंतर.

रोकडीच्या पानावर पुढच्या १६ तिमाहींचा रोख प्रवाह मांडा. इतका लांबचा का? नव्या प्रोसेसरच्या आराखड्यापासून तो बाजारात विकला जाईपर्यंत तीन ते पाच वर्षं जातात. प्रगत नोडवर एका वेफरला (जिच्यावर चिप कोरतात त्या सिलिकॉनच्या चकतीला) फॅबमध्ये शिरून बाहेर पडायलाच तीन-चार महिने लागतात. आज घेतलेला उत्तमातला उत्तम निर्णयही साधारण चौथ्या वर्षी पैसे देणार, आणि तोवर तग धरायचा आहे. आघाडीच्या नोडची एक फॅब २० अब्ज डॉलरच्या पुढे जाते आणि एक ईयूव्ही यंत्र (अतिसूक्ष्म नक्षी प्रकाशाने छापणारं) १५ कोटी डॉलरच्या वर, हे तुमच्या वित्त विभागाला ठाऊक असेलच. पण इमारत आणि यंत्रं एकाच रकान्यात मोजू नका. क्लीनरूमच्या (धूळमुक्त उत्पादन-दालनाच्या) सांगाड्याला वेळ जास्त लागतो, पैसा तुलनेने कमी. खर्चाचा मोठा भाग यंत्रांचा. सांगाडा उभा करून ठेवता येतो आणि यंत्रांची मोठी ऑर्डर ग्राहकाची सही होईपर्यंत थांबवता येते.

लाभांश देत असाल तर पहिली कात्री तिथे लावा. इंटेलने २०२४ च्या चौथ्या तिमाहीपासून तो थांबवला. आमच्या मते हा निर्णय निदान दोन वर्षं उशिरा झाला. आणि घसाऱ्याच्या आकड्यांनी हुरळून जाऊ नका. २०२३ मध्ये इंटेलने काही यंत्रांचं हिशेबी आयुष्य ५ वर्षांवरून ८ वर्षं केलं. त्याने कागदावरचा नफा वाढतो, तिजोरीत दमडी येत नाही.

काय विकावं हा प्रश्न निघेलच. इथे दोन जुने व्यवहार टिपणात जरूर घाला. २००६ मध्ये इंटेलने मोबाइलसाठी लागणारा एक्सस्केल प्रोसेसरचा धंदा मार्व्हेलला ६० कोटी डॉलरना विकला. पुढच्याच वर्षी आयफोन आला. २००९ मध्ये पैशांची चणचण असलेल्या एएमडीने, म्हणजे इंटेलच्या प्रतिस्पर्ध्याने, मोबाइल ग्राफिक्सचं तंत्रज्ञान क्वालकॉमला साडेसहा कोटी डॉलरना देऊन टाकलं. त्यातून क्वालकॉमच्या अॅड्रीनो ग्राफिक्सची फळी उभी राहिली. उलट बाजूचंही उदाहरण आहे: इंटेलने २०१५ मध्ये १६.७ अब्ज डॉलरना घेतलेल्या अल्टेराचे ५१ टक्के २०२५ मध्ये विकले, तेव्हा पूर्ण कंपनीचं मूल्यांकन ८.७५ अब्ज डॉलर धरलं गेलं. त्यामुळे प्रत्येक विक्रीपुढे दोन ओळी लिहा: या विभागाचे ग्राहक किंवा तंत्रज्ञान आपल्या मुख्य उत्पादनाशी कुठे जोडलेले आहेत, आणि घेणारा नेमका कशासाठी घेतोय. दुसऱ्या ओळीचं उत्तर सापडत नसेल तर विकू नका.

आता तारखेकडे. इथे टिपणाची निम्मी पानं खर्ची घातलीत तरी चालेल.

नोड का रखडतो, याचं सगळ्यात चांगलं अभ्यासलं गेलेलं उदाहरण इंटेलच्या १० नॅनोमीटर नोडचं. आधीच्या नोडच्या तुलनेत ट्रान्झिस्टरची घनता २.७ पट करायची असं ठरलं; एरवीची उडी साधारण दुपटीची असते. त्यासाठी एकाच नोडमध्ये चार वेळा पॅटर्निंग (नक्षी उमटवणं), काही थरांत तांब्याऐवजी कोबाल्ट आणि ट्रान्झिस्टरच्या सक्रिय गेटवरच संपर्कबिंदू, अशा नव्या गोष्टी एकदम आणल्या, तेही ईयूव्हीशिवाय. एवढं एकत्र बदललं की दोष कुठून आला हेच उमगत नाही. एक दुरुस्त करावा तर दुसरा उघडा पडतो. २०१६ च्या सुमाराला अपेक्षित असलेला नोड मोठ्या प्रमाणावर यायला २०१९ उजाडलं. दरम्यान टीएसएमसीने, म्हणजे इतरांच्या चिप बनवून देणाऱ्या तैवानी कंपनीने, २०१८ मध्ये ईयूव्हीशिवायचा ७ नॅनोमीटर आणला, आणि २०१९ मध्ये मोजक्या थरांवर ईयूव्ही लावून त्याची पुढची आवृत्ती. विशेष म्हणजे ईयूव्ही यंत्रं बनवणाऱ्या एएसएमएलमध्ये इंटेलने २०१२ मध्येच मोठी गुंतवणूक केली होती, पण स्वतःच्या उत्पादनात ईयूव्ही आलं ते २०२३ मध्ये. पैसा वेळेवर घातला आणि यंत्र उशिरा वापरलं.

यातून तुमच्यासाठी नियम असा: एका नोडमध्ये एकच मोठी जोखीम. दोन घ्यावीच लागली तर दुसरी जोखीम जुन्या, स्थिर नोडवर वेगळी तपासून घ्या. इंटेलने १८ए नोडमध्ये नवा ट्रान्झिस्टर आणि वेफरच्या मागच्या बाजूने वीजपुरवठा अशा दोन्ही गोष्टी आणल्या, पण मागच्या बाजूचा वीजपुरवठा त्याआधी इंटेल ४ नोडच्या ट्रान्झिस्टरवर चाचणी-चिप बनवून वेगळा पारखला होता. ही पद्धत उचलण्यासारखी आहे.

यील्डचं, म्हणजे वेफरमधून किती टक्के चिप चांगल्या निघतात याचं, गणित मंडळासमोर एकदा फळ्यावर करून दाखवा. ३०० मिलिमीटरच्या वेफरवर ६ चौरस सेंटिमीटरची मोठी सर्व्हर डाय (वेफरमधून कापलेला चिपचा तुकडा) घेतली, तर कडेचा भाग सोडून साधारण ९० डाय बसतात. दर चौरस सेंटिमीटरला ०.४ दोष असतील, तर पॉयसाँच्या सूत्राने ९ टक्के डाय चांगल्या निघतात. म्हणजे एका वेफरमागे ८. दोष ०.१ वर आणले की हेच प्रमाण ५५ टक्के, म्हणजे ४९ डाय. वेफरचा खर्च दोन्ही वेळा तोच. आता तीच चिप १ चौरस सेंटिमीटरच्या सहा चिपलेटमध्ये (जोडून एक चिप होणाऱ्या छोट्या डायमध्ये) तोडा: वेफरवर सुमारे ६४० बसतात, ०.४ दोषांवरही ६७ टक्के चांगल्या निघतात, म्हणजे ४२९, आणि त्यांचे ७१ संच होतात. आठाच्या जागी एकाहत्तर.

अर्थात हे फुकट मिळत नाही. चिपलेट एकमेकांशी बोलण्यासाठी जागा आणि वीज खातात, एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला डेटाला वेळ लागतो, आणि पॅकेजिंगमध्ये, म्हणजे तुकडे जोडून बंद करताना, नवी नासाडी सुरू होते. सहातली एक डाय खराब निघाली की तिच्याबरोबर पाच चांगल्याही जातात, म्हणून जोडण्याआधी प्रत्येक डायची वेफरवरच कसून चाचणी घ्यावी लागते. शिवाय हे सूत्र फक्त इतस्ततः पडणाऱ्या दोषांचं आहे. डाय चालते पण हवी ती फ्रीक्वेन्सी गाठत नाही, हा प्रकार त्यात येत नाही. नव्या नोडवर बरेचदा घात तिथेच होतो. तुमच्या फॅबकडून दोन्ही आकडे वेगवेगळे मागा, दर आठवड्याला. 'यील्ड सुधारतंय' हे वाक्य टिपणात दिसता कामा नये.

दुसरी गळती स्टेपिंगची, म्हणजे चिपच्या दुरुस्त आवृत्त्यांची. पहिली तयार चिप हातात आली, चुका सापडल्या, की नवं स्टेपिंग काढावं लागतं. चूक फक्त वरच्या धातूच्या थरांत दुरुस्त होत असेल तर खालचे थर तयार करून राखून ठेवलेले वेफर वापरता येतात आणि काम काही आठवड्यांत निभावतं. ट्रान्झिस्टरच्या थरालाच हात लावावा लागला तर पुन्हा पहिल्यापासून तीन-चार महिने फॅब, वर प्रमाणीकरण. अशी दोन जादा स्टेपिंग झाली की वर्ष गेलंच म्हणा. इंटेलचा सॅफायर रॅपिड्स हा सर्व्हर प्रोसेसर २०२१ मध्ये अपेक्षित होता, बाजारात आला जानेवारी २०२३ मध्ये. मधल्या काळात एएमडीने सर्व्हरमध्ये पाय पसरले. यावरचा इलाज कंटाळवाणा आहे: टेप-आउटच्या (अंतिम डिझाइन फॅबकडे पाठवण्याच्या) आधी एम्युलेशनवर (चिपची नक्कल करणाऱ्या यंत्रणेवर) पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम आणि ग्राहकाची खरी कामं चालवून पाहणं, आणि ठरलेल्या कसोट्या पार झाल्या नाहीत तर टेप-आउट पुढे ढकलण्याचा अधिकार डिझाइनप्रमुखाला नव्हे, व्हॅलिडेशनप्रमुखाला (चिपची तपासणी करणाऱ्या गटाच्या प्रमुखाला) देणं.

हॉट लॉटही असेच. घाईचा लॉट (वेफरचा गठ्ठा) रांग मोडून पुढे जातो, त्याच्यासाठी यंत्र रिकामं राखून ठेवलं जातं आणि बाकी सगळी लाइन मंदावते. फॅब आपलीच म्हणून याचे पैसे कुणी देत नाही, मग प्रत्येक गटाचा प्रत्येक लॉट तातडीचा होतो. उपाय म्हणजे किंमत लावणं. हॉट लॉट, जादा स्टेपिंग, चाचणीयंत्रावरचा जादा वेळ, या प्रत्येकाचं बिल डिझाइन गटाच्या खात्यावर पडू द्या. इंटेलने २०२४ पासून फॅबचा हिशेब वेगळा दाखवायला सुरुवात केली आणि २०२३ सालचा ७ अब्ज डॉलरचा तोटा चव्हाट्यावर आला. आकडा लाजिरवाणा होता, पण दुरुस्ती करणाऱ्यांना तो हवाच होता.

इथे तुमच्या पहिल्या प्रस्तावाकडे येऊ. हिशेब वेगळा करा, लगेच. मालकी वेगळी करण्याची घाई करू नका. एएमडीने २००९ मध्ये फॅब ग्लोबलफाउंड्रीजकडे दिल्या, हे उदाहरण मंडळात कुणीतरी देईलच. तेव्हा पुढचंही सांगा: वेफर खरेदीच्या कराराने एएमडीचे हात बांधले गेले. २०१२ मध्ये ठरल्याएवढे वेफर नको होते म्हणून ३२ कोटी डॉलर मोजायची वेळ आली. एएमडीला पुन्हा उभं करणारा पहिला झेन प्रोसेसर आला २०१७ मध्ये, म्हणजे वेगळं झाल्यावर आठ वर्षांनी. विभाजन करायचंच ठरलं तर करारातलं किमान खरेदीचं कलम, आणि फॅबने पुढचा नोड सोडून दिला तर बाहेर जाण्याची मोकळीक, या दोन गोष्टींवर वकिलांचा सगळ्यात जास्त वेळ खर्च करा. ग्लोबलफाउंड्रीजने २०१८ मध्ये ७ नॅनोमीटर खरोखरच सोडून दिला होता.

एएमडीकडून घ्यायचा धडा वेगळाच आहे. त्या लंगड्या वर्षांत घरखर्च चालवला तो बराचसा २०१३ पासूनच्या गेम कन्सोलच्या चिप्सनी. मार्जिन बेताचं, पण ऑर्डर खात्रीची. मोबाइलमागे ते धावले नाहीत. सगळी ताकद एका नव्या कोअरवर (प्रोसेसरच्या गाभ्यावर) लावली आणि २०१७ च्या पहिल्या एपिक सर्व्हर प्रोसेसरमध्ये एकाच प्रकारच्या चार डाय जोडल्या. तुम्हीही असंच करा: एक कोअर, एक डाय, तिच्यातून डेस्कटॉपपासून सर्व्हरपर्यंत सगळं. त्यात तुमच्या जुन्या ग्राहकाचं सॉफ्टवेअर बदलल्याशिवाय चाललं पाहिजे, ही तुमची उरलेली सर्वांत मोठी पुंजी आहे. मधल्या काळात एखादं उत्पादन बाहेरच्या फाउंड्रीकडून करून घ्यायला हरकत नाही. २०२४ मध्ये इंटेलने लूनर लेक प्रोसेसरच्या मुख्य डाय टीएसएमसीकडून घेतल्या. फक्त स्वतःची फॅब रिकामी राहिल्याचा खर्च त्या उत्पादनाच्या हिशेबात धरा, नाहीतर बाहेरचा पर्याय आहे त्याहून स्वस्त भासेल.

एआयची स्टार्टअप विकत घेण्याला आमचा स्पष्ट विरोध आहे. इंटेलने २०१६ मध्ये नर्व्हाना ही एआय स्टार्टअप घेतली, २०१९ च्या अखेरीस सुमारे २ अब्ज डॉलरना हबाना घेतली आणि पाठोपाठ नर्व्हानाचं काम थांबवलं. त्याआधी २००९ मध्ये लॅरबी ही ग्राफिक्स चिप बाजारात आणण्याचा बेत सोडला होता. हबानाच्या गाउडी चिपचं २०२४ चं ५० कोटी डॉलरचं विक्रीलक्ष्य हुकलं. प्रत्येक वेळी चिप नवी, सॉफ्टवेअर नवं, आणि आधीच्या चिपसाठी कोड लिहिणारा ग्राहक वाऱ्यावर. समोर एनव्हिडिया २००७ पासून एकच कुडा (तिच्या चिपांसाठी कोड लिहिण्याची प्रणाली) पिढ्यान्‌पिढ्या चालवतेय. तेव्हा क्रम उलटा करा. आधी सॉफ्टवेअर: पायटॉर्चची (एआय मॉडेलं लिहिण्याच्या प्रचलित सॉफ्टवेअरची) मूळ आवृत्ती, काहीही न बदलता, तुमच्या आताच्या हार्डवेअरवर नीट चालते का? पुढच्या तीन पिढ्या तोच कोड चालेल असं लेखी द्याल का? मग काम निवडा, तेही इन्फरन्स, म्हणजे तयार मॉडेल वापरून उत्तरं काढणं. प्रशिक्षणाच्या मोठ्या क्लस्टरमध्ये चिपांइतकीच जोडणीची स्पर्धा असते आणि तिथे तुम्ही फार मागे आहात. आणि एचबीएम मेमरीचा (एआय चिपला जोडायच्या वेगवान मेमरीचा) पुरवठा व पॅकेजिंगची क्षमता आधी राखून ठेवा. चिप तयार आणि मेमरी नाही, अशी फजिती या धंद्यात नवी नाही.

लाट हुकल्यावर पैसे ओतून ती पकडता येत नाही याचा पुरावा मोबाइलमध्येच आहे. टॅबलेटवाल्यांनी आपली चिप घ्यावी म्हणून इंटेलने त्यांना वर पैसे दिले. मोबाइल विभागाचा २०१४ चा तोटा ४.२ अब्ज डॉलर झाला आणि २०१६ मध्ये फोनच्या चिप्सचं काम गुंडाळलं. मुळात आयफोनची चिप का नाकारली? तेव्हाचे प्रमुख पॉल ओटेलिनी यांनी २०१३ मध्ये सांगितलं होतं की देऊ केलेली किंमत अंदाजित खर्चापेक्षा कमी होती. नंतर तो अंदाजच चुकल्याचं कळलं, आणि खप कुणाच्याही कल्पनेच्या शंभरपट झाला. तुमच्याकडचं 'मार्जिन बसत नाही' याच घरातलं. नव्या प्रस्तावाच्या नमुन्यात एक रकाना वाढवा: खप दहापट झाला तर प्रति चिप खर्च किती? हा रकाना रिकामा असेल तर नकारावर सही करायची नाही.

बाहेरच्या फाउंड्री ग्राहकांबद्दल थोडक्यात. ग्राहक तुमच्या नोडवर यायचा तर त्याला पीडीके, म्हणजे डिझाइनचे नियम आणि मॉडेलं यांचा संच, सिनॉप्सिस आणि केडन्स या कंपन्यांच्या चिप-डिझाइनच्या नेहमीच्या टूल्सवर चालणारा हवा. तुमच्या घरगुती टूल्सवरचा नको. मग शटलवर (अनेक ग्राहकांच्या चाचणी-चिप एकत्र बनवणाऱ्या वेफरवर) चाचणी-चिप, मग उत्पादन. पहिल्या चर्चेपासून पहिल्या खऱ्या महसुलापर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात, तेव्हा हा पैसा १६ तिमाहींच्या तक्त्यात पहिल्या आठ तिमाहींत दिसला तर तो खोडून टाका. दुसऱ्याच्या मंजुरीवर सगळी मदार ठेवू नका: टॉवर सेमीकंडक्टर घेण्याचा इंटेलचा बेत चीनकडून परवानगी न आल्याने ऑगस्ट २०२३ मध्ये फसला आणि ३५.३ कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली. सरकार किंवा मोठा ग्राहक भागीदार झाला तर आनंदच आहे. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने इंटेलचे सुमारे १० टक्के समभाग घेतले आणि एनव्हिडियाने ५ अब्ज डॉलर गुंतवण्याचं जाहीर केलं. पण समभाग घेणं म्हणजे वेफरची ऑर्डर देणं नव्हे. त्याच वर्षी इंटेलनेच लिहून ठेवलं की मोठा बाहेरचा ग्राहक मिळाला नाही तर १४ए नोड थांबवावा किंवा सोडावा लागू शकतो.

सरसकट १५ टक्के कपात करू नका. टक्केवारी ठरवून स्वेच्छानिवृत्ती जाहीर केली की आधी तोच जातो ज्याला बाहेर उद्या नोकरी आहे, आणि तो बहुधा प्रोसेस इंटिग्रेशनचा किंवा व्हॅलिडेशनचा अनुभवी माणूस असतो. प्रकल्पांची यादी करा, खालचे एक तृतीयांश बंद करा, त्यांच्यातली कामाची माणसं नोडकडे वळवा, मग जे उरतील त्यांचा विचार करा. व्यवस्थापकांचे थर मोजा: फॅबमधल्या अभियंत्याची वाईट बातमी सीईओपर्यंत पोचायला किती टप्पे लागतात? चारपेक्षा जास्त असतील तर पहिली कपात तिथे.

आता तुमच्या नोकरीचं. दोन-तीन तिमाही थांबा आणि तीन गोष्टी बघा. एखादा प्रकल्प खरोखर बंद झाला का, की नुसता दुसऱ्या नावाखाली सरकला. एखादं टेप-आउट कसोट्या पार न झाल्यामुळे पुढे ढकललं गेलं का, आणि ते ढकलणाऱ्यावर राग निघाला का. दोष-घनतेचा आठवड्याचा आलेख वरपर्यंत जातो का, वाईट आठवड्यातही. तिन्ही होत असेल तर राहा. नसेल, तर समभागांचा पुढचा हप्ता हातात पडण्याची तारीख बघून निघण्याची तयारी करा. तोवर पॅकेजिंग किंवा व्हॅलिडेशनच्या नियोजनात बदली मिळत असेल तर घ्या. ही कामं जाणणाऱ्या माणसाला या उद्योगात कुठेही मागणी आहे.